हाताने चालवली की चालते, लाईट येऊन मशीन बूट झालं की स्क्रिप्ट पडते

देवगड_बाग

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. २६ वर्षं मुंबईत मशीन शॉपमध्ये काढली आणि चार वर्षांपूर्वी गावी परत आलो. लिनक्स शिकायला सुरुवात करून दीड वर्ष झालं. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुमचाच वेळ जाईल म्हणून सगळंच लिहितो. फोनवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे आज्ञा देवनागरीतच येतील.

बागेतल्या मांगरात, म्हणजे शेतघरात, रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बसवलाय, २ जीबीचा; पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो. त्यावर बुकवर्म, म्हणजे डेबियन १२ वरचं रास्पबेरी पाय ओएस आहे. यूएसबीला तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर आणि एक फोर-जी डोंगल. मी लिहिलेली बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलमधल्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाईल), हवामान.एसएच, दर दहा मिनिटांनी आकडे लिहून ठेवते आणि सकाळी ६ वाजता रात्रीचं किमान तापमान आणि कमाल आर्द्रता आमच्या वडलांच्या फोनवर पाठवते.

वडील ७९ वर्षांचे. माझ्या लहानपणापासून ते रोज पहाटे भिंतीवरचा तापमापक बघून वहीत आकडा लिहितात. मोहोर असताना रात्र थंड, हवा ओली आणि वर मळभ असलं की भुरी धरते, तुडतुडे वाढतात. फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं हे ते त्या वहीवरून ठरवतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना पाऱ्याची बारीक रेघ दिसत नाही. फोनवर मोठ्या अक्षरांत आलेला आकडा मात्र नीट दिसतो, तोच ते वहीत उतरवून घेतात. म्हणून हे सगळं.

आता अडचण. मांगरात जाऊन लॅपटॉप जोडला आणि फोल्डरमध्ये जाऊन ./हवामान.एसएच दिलं की उत्तम चालतं, दोन-दोन दिवस चालतं. लाईट जाऊन आली आणि पाय आपोआप चालू झाला की स्क्रिप्ट चालू होत नाही. बूट झाल्यावर आपोआप सुरू व्हावी म्हणून आधी क्रॉनटॅबमध्ये ॲट-रीबूट लावून पाहिलं, मग आरसी.लोकल, आता बूटच्या वेळी सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची युनिट फाईल लिहिलीय. स्टेटस विचारलं की फेल्ड, आणि शेवटी २०३/एक्झेक.

मोहोर फुटायला लागलाय. रात्री वाया जाताहेत. कुठे बघू?

रत्नागिरी_लॅब

काका, मी इथे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला आहे. २०३ दिसलं ते चांगलंच झालं, कारण त्याचा अर्थ नेमका आहे: सिस्टिमडीला तुमची स्क्रिप्ट *सुरूच* करता आली नाही. आतली एकही ओळ चाललेली नाही, तेव्हा सेन्सर, डोंगल, नेटवर्क यांच्याकडे अजून बघूच नका.

कारणं थोडीच असतात. युनिटच्या एक्झेकस्टार्ट या ओळीतला स्क्रिप्टचा पत्ता चुकलेला, फाईलला एक्झिक्युटची परवानगी नाही, किंवा पहिल्या ओळीत गडबड. जर्नलसीटीएल ही आज्ञा सिस्टिमचं जर्नल, म्हणजे तिच्या नोंदी, दाखवते; तिला डॅश बी डॅश यू देऊन युनिटचं नाव द्या. २०३ च्या जरा वर कारण शब्दांत लिहिलेलं असतं. आणि हेड डॅश ५ देऊन फाईलच्या पहिल्या पाच ओळी इथे टाका.

देवगड_बाग

ताई, जर्नलमध्ये “एक्झेक फॉरमॅट एरर” असं आहे. पहिल्या ओळी अशा:

# बाबांच्या वहीसाठी
#!/बिन/बॅश
# दर १० मिनिटांनी नोंद, सकाळी ६ ला निरोप

परवानगी ७५५, म्हणजे चालवायची, आहे. पत्ता तीनदा तपासला.

रत्नागिरी_लॅब

सापडलं. “बाबांच्या वहीसाठी” ही ओळ खाली घ्या.

फाईल कशाने चालवायची हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाईलच्या अगदी पहिल्या दोन अक्षरांवरून ठरवतो. ती # आणि ! हवीत. आधी टिप्पणी नको, रिकामी ओळ नको, साधी स्पेसही नको. तुमच्याकडे ती खूण दुसऱ्या ओळीवर गेली, म्हणजे कर्नलच्या दृष्टीने ती नाहीच. त्याने “हा प्रकार मला ओळखता येत नाही” म्हणून फाईल परत केली.

मग हाताने का चालते? तुम्ही टर्मिनलमध्ये असता तेव्हा मध्ये बॅश असतो. कर्नलने नकार दिला की बॅश ती फाईल स्वतःच ओळीने वाचून चालवतो. सिस्टिमडी तसं करत नाही, नकार आला की तिथेच थांबतो. क्रॉनमध्ये तीच फाईल बॅशऐवजी एसएचने, म्हणजे डेबियनवर डॅश नावाच्या साध्या शेलने, वाचली गेली असणार, आणि बॅशचे खास प्रयोग डॅशला कळत नाहीत. तिथे ती का पडत होती याचं एक कारण तरी हे.

देवगड_बाग

ताई, ओळ खाली घेतली आणि स्क्रिप्ट सुरू झाली. पण दोन सेकंदांत पडली. आता २०३ नाही, १ आहे. जर्नलमध्ये दोन तक्रारी: “नोंदी/आज.सीएसव्ही” अशी फाईल किंवा फोल्डर नाही, आणि पायथनला सिरियलचं मॉड्यूल सापडत नाही. सेन्सर वाचायला एक छोटी पायथन फाईल आहे, ती बॅशमधून बोलावतो. दोन्ही गोष्टी जागेवर आहेत, मी आत्ताच बघितल्या.

अलिबाग_सर्व्हर

जागेवर आहेत, पण *तुमच्या* जागेवर. तुम्ही लॉगिन होऊन फोल्डरमध्ये जाता तेव्हा बऱ्याच गोष्टी न सांगता तुमच्या बरोबर येतात: तुम्ही उभे असलेला फोल्डर, तुमचं नाव, बॅशआरसी या बॅशच्या सुरुवातीच्या फाईलमधल्या सगळ्या ओळी. बूटच्या वेळी यातलं काहीच नसतं. सिस्टिमडीची सेवा रूट म्हणून, मुळाच्या / या फोल्डरमध्ये उभी राहून सुरू होते. “नोंदी/आज.सीएसव्ही” ती तिथे शोधते. तुमचा बॅशआरसी तर ती उघडतच नाही, आणि माझा अंदाज आहे की पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (मॉड्यूल वेगळी ठेवायचा फोल्डर) तुम्ही तिथेच चालू केलंय.

युनिटच्या सर्व्हिस भागात यूजर= आणि वर्किंगडिरेक्टरी= या दोन ओळी घाला. स्क्रिप्टमध्ये नुसतं पायथन३ न लिहिता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बिन फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या; मग ते वेगळं चालू करावं लागत नाही. यूजर बदलला की तो डायलआऊट गटात आहे ना हेही बघा, नाहीतर सिरियल पोर्ट उघडणार नाही. शेवटी डेमन-रीलोड विसरू नका, नाहीतर जुनीच युनिट चालेल आणि रात्र शोधण्यात जाईल.

वेंगुर्ला_केबल

एवढं काय करायचं, स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्लीप ६० टाका. मी गिऱ्हाईकांच्या सगळ्या बॉक्सना तेच करतो. मिनिटभरात नेट येतं, डोंगल येतं, सगळं जागेवर येतं.

अलिबाग_सर्व्हर

दादा, केबलच्या बॉक्सला ते चालेल. इथे पटत नाही. ६० सेकंद हा आकडा आला कुठून? लाईट रात्रभर गेली की टॉवरची बॅटरीही संपते, आणि लाईट आल्यावर रेंज यायला कधी अर्धा तास लागतो. त्या दिवशी ६० पुरणार नाहीत. आणि सगळं ठीक असताना फुकट मिनिट जाईल ते वेगळंच. थांबायचंच असेल तर ज्या गोष्टीसाठी थांबतोय तिचं नाव घेऊन थांबावं. नेटसाठी वॉन्ट्स= आणि आफ्टर= या दोन्हींत नेटवर्क-ऑनलाईन.टार्गेट लिहावं. नुसतं नेटवर्क.टार्गेट नको, त्याने नेट खरोखर आलंय याची खात्री मिळत नाही. आणि काका, नोंद करणं आणि निरोप पाठवणं वेगळं करा. आकडा आधी डिस्कवर गेला पाहिजे, नेट असो नसो.

देवगड_बाग

सर, तुमचा अंदाज बरोबर होता, बॅशआरसीतच होतं. यूजर, फोल्डर, पायथनचा पूर्ण पत्ता, तिन्ही केलं. सुडो रीबूट दिलं आणि स्क्रिप्ट आपली आपण उभी राहिली. दहा वेळा रीबूट केलं, दहाही वेळा. सकाळी ६ च्या ठोक्याला निरोप. वडलांनी वहीत आकडा लिहिला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. देव बरे करो.

देवगड_बाग

(पाच दिवसांनी) पुन्हा आलो. काल रात्री लाईट गेली. पाय परत चालू झाला, स्टेटस हिरवं, ॲक्टिव्ह रनिंग. पण ६ ला निरोप नाही. ७ ला नाही. वडील फोन हातात घेऊन पडवीत बसून होते. शेवटी ९ वाजून ५५ मिनिटांनी आला. जर्नलमध्ये लाल ओळ एकही नाही.

सुडो रीबूट दिलं की वेळेवर येतो. लाईट जाऊन आली की उशिरा. दोन्हींत पाय बंद होऊन चालू होतो, मग फरक कसला?

अलिबाग_सर्व्हर

फरक आहे, आणि तुम्ही तो नीट हेरलात. ६ वाजेपर्यंत कसं थांबता, तो भाग इथे टाका. आणि लाईट नक्की किती वाजता गेली आणि कधी आली हे कळेल का? अंदाज नको.

देवगड_बाग

कळेल. वडलांना रात्री झोप फार लागत नाही. समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आहे, आणि लाईट गेली-आली हेही ते वहीत लिहितात, पंपाची पाळी लावायची असते म्हणून. घर आणि मांगर एकाच डीपीवर आहेत. वहीत आहे: गेली ११:४५, आली ३:४०.

थांबायचा भाग असा: पुढच्या ६ वाजताचे सेकंद काढतो, त्यातून आत्ताचे सेकंद वजा करतो, जेवढे उरतात तेवढे स्लीपला देतो. स्लीप संपली की निरोप जातो आणि परत तेच.

अलिबाग_सर्व्हर

तुमच्या वडलांच्या वहीने उत्तर दिलं. वजाबाकी करा. ११:४५ ते ३:४० म्हणजे ३ तास ५५ मिनिटं. निरोपाला उशीर किती? ६ ते ९:५५, ३ तास ५५ मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की त्याला वेळ माहीत राहत नाही. म्हणून चालू असताना ते मधूनमधून वेळ कार्डावर लिहून ठेवतं, आणि परत चालू झालं की शेवटची लिहिलेली वेळ उचलून तिथून पुढे मोजायला लागतं. म्हणजे पहाटे ३:४० ला तुमचा पाय उठला तेव्हा त्याच्या लेखी रात्रीचे ११:४५ च झाले होते. तेवढ्यात तुमची स्क्रिप्ट उठली, तिने गणित केलं: ६ ला अजून सव्वासहा तास आहेत. आणि झोपली. थोड्या वेळाने डोंगलला रेंज आली, नेटवरून वेळ दुरुस्त झाली, पण स्लीपला त्याचं काही नाही. ती घड्याळाकडे बघत नाही, तिला सांगितलेले सेकंद मोजते. ३:४० मध्ये ६ तास १५ मिनिटं मिळवा, ९:५५ येतात.

सुडो रीबूट दिलं की बंद होतानाच वेळ लिहिली जाते आणि काही सेकंदांत परत उचलली जाते, म्हणून ते दुखणं दिसत नाही. आणि हेच मला महत्त्वाचं वाटतं: लाईट गेल्यावर काय होतं हे बघायचं असेल तर प्लग काढूनच बघायला हवं, आणि तोही अर्धा तास काढून. रीबूट ही वेगळी गोष्ट आहे.

देवगड_बाग

सर, हे वाचून मी मागची पानं उलटली. युनिट सुरळीत झाल्यापासून लाईट अजून एकदा गेली होती, १:१० ला, आली २:५०. त्या सकाळी निरोप ७:४० ला आला होता. मी तेव्हा डोंगलच्या रेंजवर टाकलं होतं. १ तास ४० मिनिटं. हेही तंतोतंत.

आणि एक गोष्ट आत्ता जाणवते, ती जास्त वाईट आहे. रेंज येईपर्यंतच्या नोंदींवरही चुकीची वेळ पडली असणार. पहाटे पावणेचारचा गारवा माझ्या फाईलमध्ये मध्यरात्रीच्या आधीचा म्हणून लिहिला गेला. वडलांच्या वहीत कधी असं झालं नाही. यावर उपाय हवाच.

रत्नागिरी_लॅब

काका, दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा.

पहिला, स्लीपचं गणित काढून टाका आणि सिस्टिमडीचा टायमर लावा. निरोपाची स्क्रिप्ट वेगळी, तिची सर्व्हिस वनशॉट प्रकारची (एकदा चालून संपणारी), आणि त्याच नावाची .टायमर फाईल. त्यात ऑनकॅलेंडर=०६:००. हा टायमर घड्याळ बघून चालतो, मधेच वेळ दुरुस्त झाली की पुन्हा हिशेब करतो. पर्सिस्टंट=ट्रू ही ओळही घाला; ६ वाजता लाईटच नसेल तर ती आल्यावर राहिलेला निरोप जाईल. इनेबल करताना टायमर इनेबल करायचा, सर्व्हिस नाही.

दुसरा उपाय नोंदींच्या वेळेसाठी. सिस्टिमडी-टाईम-वेट-सिंक नावाची सेवा असते. ती इनेबल केली आणि तुमच्या नोंदींच्या युनिटमध्ये आफ्टर=टाईम-सिंक.टार्गेट लिहिलं, तर वेळ नेटवरून जुळेपर्यंत नोंद सुरू होत नाही. पण तुमच्याकडे मी हे करणार नाही. टॉवर सकाळपर्यंत आला नाही तर सकाळपर्यंत नोंदच नाही. त्यापेक्षा घड्याळच बसवा. डीएस३२३१ चं मॉड्यूल घ्या. ० ते ४० अंशांत त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. मांगरात तेवढं पुरे.

जोडताना एक काळजी घ्या: ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा, ५ च्या नको. एक तर पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. दुसरं, त्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचा मार्ग असतो, आणि साधा सीआर२०३२ हा चार्ज करायचा सेल नव्हे. बूट फोल्डरातल्या फर्मवेअरमधल्या कॉन्फिग फाईलमध्ये डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ टाका. रीबूटनंतर आय२सीडिटेक्ट या आज्ञेच्या तक्त्यात ६८ च्या जागी यूयू दिसलं, की ड्रायव्हरने घड्याळ ताब्यात घेतलं. मग फेक-एचडब्ल्यूक्लॉक, म्हणजे वेळ कार्डावर लिहून ठेवणारा प्रोग्रॅम, काढून टाका, आता ते नको.

वेंगुर्ला_केबल

घड्याळाचं मला माहीत नव्हतं, माझ्या दोन बॉक्सना हेच होत असणार. काका, एक माझ्याकडून: सेन्सर टीटीवाय-यूएसबी-० या पोर्टच्या नावाने धरलाय का? डोंगल आणि सेन्सर एकदम चालू झाले की जो आधी उठेल त्याला ० मिळतो. मला याने खूप छळलंय. डेव्ह फोल्डरात सिरियल, त्यात बाय-आयडी असतं, तिथलं लांब नाव वापरा. ते बदलत नाही. आणि किनाऱ्यावर पिना हिरव्या पडतात, मॉड्यूल उघडं ठेवू नका.

देवगड_बाग

दादा, बरं झालं सांगितलंत. मी ० च धरला होता. आता बाय-आयडीचं नाव टाकलंय. आजवर नशिबाने सेन्सरच आधी उठत होता.

काय काय केलं ते लिहितो, पुढे कोणाला लागेल. घड्याळ आलं, ३.३ वर जोडलं, यूयू दिसलं. पाय आणि घड्याळ दोन्ही झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, वायरींना खालून भोक, आत सिलिका जेलच्या पुड्या. नोंदींची युनिट आता कोणासाठी थांबत नाही; रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रीस्टार्टसेक=३० आहे, सेन्सर उशिरा उठला तर परत प्रयत्न होतो. निरोपाचा टायमर वेगळा. निरोप गेला नाही तर तो फाईलमध्ये राहतो आणि पाच-पाच मिनिटांनी परत पाठवायचा प्रयत्न होतो. जर्नल डिस्कवर राहावं म्हणून स्टोरेज=पर्सिस्टंट केलं, आधी लाईट गेली की मागचं काही दिसतच नव्हतं.

मग सरांनी सांगितलं तसं, दिवसा प्लग काढून पाऊण तास तसाच ठेवला. डोंगलही काढला, म्हणजे नेटवरून वेळ मिळायला नको. परत लावल्यावर पहिल्या नोंदीची वेळ आणि माझ्या मनगटावरची वेळ एकच.

खरी परीक्षा परवा रात्री झाली. लाईट १२:२० ला गेली, ४:०५ ला आली, असं वहीत आहे. फाईलमध्ये १२:२० नंतर रिकामी जागा आणि पहिली नोंद ४:०६ ची. ६ ला रेंज नव्हती. निरोप ६:२५ ला आला, पण त्यावर लिहिलेली वेळ ६ चीच होती.

“बाबांच्या वहीसाठी” ही ओळ ठेवलीय. आता दुसऱ्या क्रमांकावर आहे. वडलांनी विचारलं की मधल्या पावणेचार तासांचं काय लिहू. मी म्हटलं, कोरं सोडा. त्यांनी तिथे पेन्सिलीने “लाईट नव्हती” असं लिहिलं आणि खाली आर्द्रतेचा आकडा बघून म्हणाले, खालच्या कुणग्यातली झाडं आज बघून येऊया.